भिंतीतून डोकावणाऱ्या वल्ली: रंगीत उठावशिल्प करताना

मातकट

मागे एकदा मी माझ्या टपालवाल्याचा फोटो टाकला होता, तेव्हा तीन-चार जणांनी विचारलं होतं की हे नक्की कशाचं आहे आणि कसं केलंय. दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून राहून गेलं. आता सवडीने लिहिते.

टपालवाला म्हणजे गोगलगायीवर बसून पत्रं वाटायला निघालेला एक लांब नाकाचा माणूस. फळी ४५ सेंटीमीटर रुंद, ६० उंच. त्यातून तो जास्तीत जास्त साडेतीन सेंटीमीटर बाहेर येतो. लांबून चित्रच वाटतं. जवळ गेलं की लक्षात येतं, नाकाची सावली गालावर पडली आहे आणि ती रंगवलेली नाही. दिवा हलवला तर तीही हलते. एवढ्यासाठीच मी कॅनव्हास सोडून या कामाकडे वळले.

आधी पात्राबद्दल. गमतीदार पात्र करायचं म्हटलं की हात आपोआप सगळंच वेडंवाकडं करायला लागतो. डोळे बटबटीत, पाय काड्यांसारखे, टोपी तिरकी, मिशी वर वळलेली. असं चित्र पहिल्या नजरेला हसवतं आणि दुसऱ्यांदा कोणी वळून बघत नाही. माझा अनुभव असा की अशक्य गोष्ट एकच ठेवावी आणि बाकी सगळं अगदी मनापासून खरं करावं. टपालवाल्यात गोगलगाय घोड्याएवढी आहे, एवढीच थाप. त्याच्या पिशवीचा पट्टा खांद्यावर जिथे रुततो तिथे सदरा चुरगळलाय. बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजली आहे. आणि तो पुढे झुकलाय, कारण त्याला खरंच उशीर झालाय. त्याला स्वतःला यात गंमत वाटत नाही, म्हणून आपल्याला वाटते.

गोगलगायीचंही तेच. पहिल्या रेखाटनात ती डावीकडे चालली होती. मग खऱ्या गोगलगायी बघितल्या. बहुतेकींचा शंख उजव्या वळणाचा असतो आणि त्याचं टोक प्राण्याच्या उजव्या कुशीकडे झुकलेलं असतं. शंखाची पूर्ण भोवरी समोरून दिसायला हवी असेल तर ती आपल्या उजवीकडे निघालेली हवी. सगळी रचना उलटी करून पुन्हा काढली. बघणाऱ्यांपैकी शंभरात एकाला हे कळेल, पण त्या एकासाठी ते बरोबर हवं.

रेखाटन मनासारखं झालं की ते मूळ मापात मोठं करते आणि त्यावर आकडे लिहिते. याला मी उंचीचा नकाशा म्हणते. आकाश शून्य. मागची टेकडी ४ मिलिमीटर. टपालवाल्याचा पलीकडचा पाय ८. शंख २०. अलीकडचा हात २८. नाकाचं टोक ३५. ज्यांना उठावशिल्प करून बघायचंय त्यांनी बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण हा नकाशा करावा. खऱ्या माणसाची जाडी वीस-पंचवीस सेंटीमीटर असते, आपल्याकडे जागा साडेतीनच. सगळं सारख्या प्रमाणात दाबलं तर चेहरा पोळपाटावर लाटल्यासारखा होतो. म्हणून काही भाग जास्त दाबायचे, काही कमी. क्रम मात्र मोडायचा नाही: कानापुढे गाल, गालापुढे नाक, नाकाच्याही पुढे हात येत असेल तर हात. क्रम सांभाळला की दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा डोळा मान्य करतो.

टपालवाल्यात मी इथेच चुकले होते. शंख फार आवडला म्हणून तो सगळ्यात उंच केला, ३५. वाळल्यावर फळी उभी करून बघते तर नजर शंखावरून हलेच ना. घुमटासारखा गोल आकार, त्यावर उजेडाचा मोठा ठिपका, आणि बिचारा टपालवाला मागे कुठेतरी. दोन दिवस तशीच बघत बसले आणि मग पटाशीने शंख तासून २० वर आणला. तेव्हा कुठे नाक पुढे आलं.

फळी १२ मिलिमीटरच्या प्लायवुडची घेते. तिच्या दोन्ही अंगांना पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाचे दोन हात देते. जिथे उठाव जाड येणार तिथे अर्धवट पिळलेले स्क्रू, म्हणजे लगदा पकड धरतो. जाड भागांच्या पोटात ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून, ठोकून घट्ट बसवते. वजन वाचतं, आणि सुकताना आकसायला लगदाही कमी राहतो.

वरून कागदाचा लगदा. न छापलेला मऊ कागद भिजवून, पिळून, तंतू मोकळे करायचे. त्यात साधारण निम्मं तयार जॉइंट कंपाउंड (भिंतीचे सांधे बुजवायचं डब्यातलं मऊ लुकण), आणि गोळा हाताला चिकटायचा थांबेल इतपत पीव्हीए, म्हणजे तोच पांढरा गोंद. पावडरची सिमेंटवाली पुट्टी घेऊ नका. ती कालवता कालवता घट्ट व्हायला लागते आणि हाताची कातडीही सोलवटते. एका वेळी आठ-दहा मिलिमीटरहून जाड थर मी देत नाही. एक थर पूर्ण वाळला की त्यावर गोंदपाणी फिरवून पुढचा.

बोटं, नाकाची धार, पापण्या, पिशवीतून डोकावणारी पाकिटं ही बारीक कामं लगद्यात होत नाहीत, तंतू आडवे येतात. तिथे दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. ती सुकताना आकसत नाही आणि काही तासांत दगडासारखी होते. हातमोजे मात्र हवेतच, आणि घासताना मास्क.

एक सवय मोडायला मला फार वेळ लागला. मी फळी टेबलावर आडवी ठेवून काम करायचे. आडव्या फळीवर वरून उजेड पडतो आणि सगळंच छान उठून दिसतं. भिंतीवर लावली की काम मेलेलं. आता फळी पहिल्या दिवसापासून उभी असते, आणि दिवा डावीकडून वर, जसा तो पुढे भिंतीवर पडणार आहे तसाच.

रंगाबद्दल खाली प्रतिसादात लिहीन, लेख फार लांबला. एवढंच आत्ता सांगते की सावली मी उठावाने देते, रंगाने नाही. रंग फक्त वस्तू कशाची आहे ते सांगतो.

निळाई

वाचनखूण साठवली. मातकटताई, उंचीच्या नकाशाबद्दल विशेष आभार. मी याच वर्षी सुरू केलंय आणि आजवर नुसत्या अंदाजाने थापत होते.

माझं दुखणं वेगळं आहे. छत्री उलटी धरून, त्यात पाणी भरून मासा पाळणारी एक बाई करत होते. चेहरा जमला होता, छत्रीच्या काड्याही जमल्या होत्या. चार दिवसांनी बघते तर फळीच वाकली. दोन्ही कडा पुढे आल्या, मधे वाटीसारखी खोलगट, आणि बाईच्या कंबरेपासून खांद्यापर्यंत तडा. फळी ६ मिलिमीटरची एमडीएफ होती. मागून काहीच लावलं नव्हतं. फळी बदलून सगळं पुन्हा करावं लागेल का? खूप जीव लावून केलं होतं हो.

मातकट

निळाई, फार वाईट वाटलं वाचून. मासा पाळणारी बाई मात्र टाकू नकोस, कल्पना सुंदर आहे.

झालं असं की ओला लगदा फक्त पुढून होता. सुकताना तो आकसला आणि फळीची पुढची बाजू स्वतःकडे ओढत गेला. मागून ओढणारं काही नव्हतं, शिवाय ६ मिलिमीटर या मापाला फारच पातळ. त्यातून एमडीएफ पाणी पिते.

तू आधी हे करून बघ. मागच्या बाजूला ओल्या फडक्याने हलका ओलावा दे, फळी सपाट पाटावर पालथी ठेव, कडांखाली सारख्या उंचीचे ठोकळे, उठावाच्या खाली मऊ उशी, आणि मधल्या फुगलेल्या भागावर वजन. दोन-तीन दिवसांत सरळ येण्याची बरीच शक्यता आहे. आली की लगेच मागे दोन उभ्या आणि एक आडवी लाकडी पट्टी गोंद आणि स्क्रूने बसव, आणि मागच्या सगळ्या अंगाला गोंदपाणी किंवा जेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) दे. स्क्रू आखूड घे, ६ मिलिमीटरमधून पुढे टोक यायला नको. सरळ नाहीच आली तर बाई फळीपासून पातळ करवतीने सोडवून नव्या जाड फळीवर चिकटवता येते. मी एकदा केलंय.

तडा वरवर लिंपू नकोस. सुरीने तो आणखी उघड, आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद असा, गोंदपाणी पाज आणि मग घट्ट लगदा दाबून भर. नुसता वर फासलेला लगदा पुन्हा सुटतो.

कोरणी

सुंदर लिहिलंय. मी लाकडात काम करतो, साग आणि शिवण. तासून कमी करण्याचं सुख तुम्हाला आहे, वाढवण्याचंही आहे. आम्हाला फक्त पहिलं. २० चं ३५ करायचं झालं तर आम्ही संपलो.

पण "सावली रंगाने नाही" हे मला पटत नाही. मी पंधरा वर्षं कोरलेल्या पाट्या रंगवतो आहे. घरातला उजेड तुमच्या हुकमातला नसतो. सकाळी खिडकी, रात्री वरून दिवा, कधी समोरून ट्यूबलाइट. समोरून सपाट उजेड पडला की चार मिलिमीटरची टेकडी दिसेनाशी होते. त्या वेळी रंगातली गडद रेघच आकार धरून ठेवते. मी प्रत्येक खाचेत पातळ गडद तपकिरी सोडतो आणि वरून फडक्याने पुसून घेतो. तो रंग काढून टाकला तर माझी अर्धी कामं भिंतीत बुडून जातील.

जुनीपानं

कोरणी यांच्या मुद्द्याला थोडी पार्श्वभूमी देतो, कारण हा प्रश्न फार जुना आहे.

अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक मंदिराच्या भिंतीवरून जी मिरवणुकीची पट्टी फिरते, तिची उंची सुमारे एक मीटर आणि लांबी १६० मीटर. ती बघणाऱ्याच्या डोक्यावर बारा मीटरच्या आसपास होती, छताखाली, जिथे थेट ऊन येत नसे. तिथल्या शिल्पकारांनी वरच्या भागात उठाव जास्त ठेवला आणि खालच्या भागात कमी. घोडेस्वारांची डोकी पुढे, घोड्यांचे पाय मागे. खालून बघणाऱ्याला वरचा भागही स्पष्ट दिसावा म्हणून. जागा कुठली आणि उजेड कुठून, हे ठरल्यावर मगच छिन्नी चालली असणार. आणि ही शिल्पं रंगवलेली होती. इजिप्शियन निळ्या रंगाचे अंश पार्थेनॉनच्या शिल्पांवर मिळालेत. त्या रंगावर दृश्य प्रकाश टाकला की तो अवरक्त (इन्फ्रारेड) किरणं सोडतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे कणही ती किरणं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात चमकतात.

इजिप्तमध्ये याच्या उलट युक्ती. बाहेरच्या, भर उन्हातल्या भिंतींवर आकृती पृष्ठभागाच्या वर न काढता बाह्यरेषा आत खोदायची आणि आकृती त्या खड्ड्यात बसवायची. कडक उन्हात त्या खोल रेषेत काळी कुळकुळीत सावली पडते आणि सगळा आकार लांबून वाचता येतो. म्हणजे कोरणी जी रेघ ब्रशने काढतात ती त्यांनी उन्हाकडून काढून घेतली. आणि तरीही त्या आकृत्या वरून रंगवलेल्या असत.

फ्लॉरेन्सचा पंधराव्या शतकातला शिल्पकार लुका देल्ला रोब्बिया याचं उदाहरण मला या धाग्याला सगळ्यात जवळचं वाटतं. भाजलेल्या मातीचे उठाव, त्यावर कथलाची अपारदर्शक झिलई. त्याच्या कितीतरी कामांत आकृत्या पांढऱ्या आणि पार्श्वभूमी निळी, बस्स. रंगाने सावलीचं काम अजिबात केलेलं नाही. पांढऱ्यावर खरी सावली पडते आणि निळा आकृतीला भिंतीपासून सोडवतो. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमधलं त्याचं पुनरुत्थानाचं शिल्प १४४२ ते १४४५ मधलं आहे.

मातकट

जुनीपानं, डोकी पुढे आणि पाय मागे हे वाचून मी लगेच उठून माझ्या जिन्यातल्या फळीकडे गेले. ती डोळ्यांच्या बरीच वर लावली आहे आणि तिचा वरचा भाग कायम मिटमिटलेला वाटायचा. कारण आज कळलं. पुढची उंचावर लागणारी फळी मी वरून सहा-सात मिलिमीटर जास्त उठाव देऊन करणार.

कोरणी, तुमच्या मुद्द्यावर विचार करते आहे. लगेच उत्तर देत नाही. एक जुना चाचणी तुकडा पडलाय, त्यावर करून बघते.

पापणी

ताई, डोळे कसे करता? माझ्या सगळ्या पात्रांचे डोळे शेवटी चिकटवलेल्या बटणांसारखे दिसतात. बुबुळाभोवती पांढरा रंग दिला की घाबरलेले, नाही दिला की आंधळे.

मातकट

पापणी, डोळ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, म्हणून सविस्तर सांगते.

पांढरा रंग डब्यातला देऊच नकोस. डोळ्यातला पांढरा खरं तर राखाडी असतो, आणि वरच्या पापणीखाली तो आणखी गडद असतो. त्वचेच्या रंगात थोडं राखाडी आणि थोडंसं पांढरं घालून जो मळकट रंग येतो तो दे. लांबून तो पांढराच दिसतो.

त्याआधी घडण. बुबुळ रंगवण्याच्या भरात आपण वरची पापणी विसरतो. इपॉक्सीची तांदळाएवढी जाड वळी करायची, वरच्या पापणीच्या जागी ठेवायची आणि तिची खालची कड आत कोरून घ्यायची, म्हणजे पापणी डोळ्यावर मिलिमीटरभर छप्परासारखी येते. तिची सावली डोळ्याच्या वरच्या तिसऱ्या भागावर पडली की डोळा जिवंत होतो, अजून एक थेंब रंग न लावताही. खालची पापणी जवळजवळ नकोच. ती उठवली की डोळे सुजलेले दिसतात.

बाहुलीसाठी मी जाड सुईने छोटा खड्डा करते, दीड-दोन मिलिमीटर खोल. त्यात गडद रंग. आणि डोळ्यातली चमक पांढऱ्या ठिपक्याने काढत नाही. सगळ्या शिल्पाला मॅट वॉर्निश दिल्यावर, अगदी शेवटी, त्या खड्ड्याच्या कडेला ग्लॉस वॉर्निशचा एक थेंब काडीच्या टोकाने. तो खऱ्या दिव्याला चमकतो. बघणारा डावीकडून उजवीकडे गेला की चमकही सरकते आणि टपालवाला आपल्याकडे बघतोय असं वाटतं. लहान मुलं तर त्याच्यासमोर मुद्दाम इकडून तिकडे चालतात.

जुनीपानं

समोरून दिसणारा चेहरा कमी उठावात करणं मुळातच अवघड. नाण्यांवर बहुतेक चेहरे बाजूने का असतात त्याचं हेही एक कारण आहे. समोरच्या चेहऱ्यात नाक सगळ्यात पुढे येतं आणि आधी तेच झिजतं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५४४ नंतर चांदीच्या नाण्यांत भरमसाट तांबं मिसळलं. त्याचा समोरून काढलेला चेहरा त्यांवर होता. नाकावरची चांदी झिजून खालचं तांबं दिसू लागलं आणि लोक राजाला तांब्याच्या नाकाचा म्हणू लागले.

पापणी

वा! म्हणजे सुरुवात बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यापासून करावी. माझी सगळी पात्रं समोर तोंड करून उभी आहेत.

मातकट

हो, आधी बाजूने. टपालवाल्याचा चेहराही पूर्ण समोर नाही, तीन चतुर्थांश आहे, आणि तो माझा बाविसावा-तेविसावा उठाव असेल. तिथे पलीकडचा गाल फसवतो. तो अलीकडच्या गालापेक्षा अरुंद हवाच, पण नुसता अरुंद करून भागत नाही, तो फळीकडे वळून नाहीसा व्हायला हवा. पलीकडच्या डोळ्याचा कोपरा आणि मागची फळी यांच्यात धारदार कड ठेवली की मुखवटा चिकटवल्यासारखं दिसतं. ती कड मी ओल्या बोटाने फळीत विरघळवते. अलीकडची कड मात्र खालून कोरून काढते, म्हणजे तिच्यामागे खरा काळोख साचतो.

घडीव

एक व्यावहारिक शंका. कडा खालून कोरल्या तर साचा कसा काढता? मला एकाच पात्राच्या पाच-सहा प्रती हव्या आहेत.

मातकट

घडीव, कडक साच्यात नाही निघणार, अडकेल आणि तुटेल. सिलिकॉनचा लवचिक साचा करा, तो थोड्याफार आत गेलेल्या कडा सोडवतो. मागून प्लास्टरचं कवच द्या, नाहीतर साचा स्वतःच्या वजनाने पसरतो. फार खोल कोरलेल्या जागा साचा घेण्याआधी मेणाने भरून टाका आणि प्रत बाहेर आल्यावर तिथे पुन्हा हाताने कोरा. मी स्वतः प्रती क्वचितच करते, त्यामुळे याहून जास्त अनुभव नाही.

कोरणी

चाचणीचं काय झालं? रोज येऊन बघतोय.

मातकट

झाली. तीन संध्याकाळी गेल्या, पण तुमच्यामुळे एक गाठ सुटली.

तुकड्यावर दोन सारखे शंख केले. दोघांना पातळ जेसोचे दोन हात, वाळल्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग एकच पिवळट तपकिरी रंग. एक तसाच ठेवला. दुसऱ्याच्या भोवरीच्या खाचांमध्ये जळक्या तपकिरीत थोडा निळा घालून पाण्यासारखा पातळ हात सोडला आणि वरून पुसून घेतला, अगदी तुम्ही सांगितलंत तसा. शिवाय त्याच दुसऱ्या शंखाखाली, टेकडीवर जिथे डाव्या दिव्याने सावली पडते, तिथे ती सावलीही रंगवली.

डाव्या दिव्यात दोन्ही छान. समोरच्या ट्यूबलाइटमध्ये पहिला शंख पार बटाटा झाला. दुसऱ्याची भोवरी नीट वाचता येत होती. इथे तुम्ही शंभर टक्के बरोबर होतात.

मग दिवा उजवीकडे नेला. खरी सावली डावीकडे गेली आणि रंगवलेली उजवीकडे तशीच राहिली. टेकडीवर डाग पडल्यासारखं दिसलं, आणि शंख फळीवरून सुटून तरंगायला लागला. खाचांमधला गडद रंग मात्र तेव्हाही खरा वाटत होता.

त्यावरून माझ्या लक्षात आलं की आपण दोघं "सावली" हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरत होतो. खाचेच्या तळाशी उजेड कुठल्याच बाजूने नीट पोचत नाही. तिथला अंधार जागेचा आहे, दिव्याचा नाही. तो रंगवला तर कधीच खोटा पडत नाही. एका वस्तूची दुसरीवर पडणारी सावली मात्र दिव्याची असते, दिव्याबरोबर फिरते. ती रंगवली की पकडली जाते. आता माझा नियम असा: खाच रंगवायची, पडलेली सावली नाही. लेखातलं ते वाक्य मी अर्धवट लिहिलं होतं.

कोरणी

हे फार नेमकं झालं. पंधरा वर्षं हात करत होता ते आज शब्दांत वाचलं. माझ्याकडून एक भर: खाचेतला रंग काळा नको. लाल वस्तूच्या खाचेत गडद तांबडा, हिरव्याच्या खाचेत गडद हिरवा. काळा घातला की काम मळकं दिसतं, धुतलं पाहिजे असं.

मातकट

अगदी. काळी ट्यूब मी कामाच्या टेबलावर ठेवतच नाही.

रंगाचं लिहायचं कबूल केलं होतं, ते इथेच लिहिते. ॲक्रिलिक ओलं असताना थोडं फिकट दिसतं, कारण त्यातला चिकट द्रव ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. म्हणून मिसळलेला रंग आधी कागदावर लावून वाळवून बघते. खालचा थर पात्राच्या रंगाच्या उलट: टपालवाल्याच्या निळ्या कोटाखाली नारिंगी तपकिरी आहे. वरचा निळा उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने घासला की खालचं नारिंगी शिवणींतून आणि बाह्यांच्या चुण्यांतून दिसत राहतं, आणि कोट वापरलेला वाटतो. ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग आधी फडक्यावर पुसून टाकायचा. ब्रश रिकामा झाला असं वाटतं तेव्हा तो या कामाला तयार असतो.

मधेमधे मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढते. रंगीत बघताना जो कोट पार्श्वभूमीहून वेगळा वाटतो तो राखाडीत कधीकधी पूर्ण मिसळून गेलेला असतो. मग रंग न बदलता फक्त पार्श्वभूमी फिकट करते.

मॅट वॉर्निश डबा नीट ढवळून, पातळ द्या. त्यातली मॅट करणारी भुकटी तळाला बसते. जाड दिलं तर खाचांमध्ये साचून दुधाळ होतं, आणि इतक्या मायेने केलेला अंधार पांढरा पडतो.

पापणी

दोन बाजूने दिसणारे चेहरे करून झाले. पापणीचं छप्पर जमलं. दुसऱ्याचा डोळा तर रंग देण्याआधीच बघायला लागला. ग्लॉसचा थेंब उद्या.

निळाई

फळी सरळ आली! पाच दिवस लागले, पण आली. मागे पट्ट्या बसवल्या, जेसो दिला. तडा उघडून भरला, आता कुठे होता ते मलाही सापडत नाही.

नकाशा मात्र नव्याने काढला, आणि तेव्हा एक चूक कळली. मासा मला फार आवडतो म्हणून मी तो सगळ्यात पुढे केला होता, छत्रीच्या काठाच्याही पुढे. मग तो पाण्यात कसा असेल? तो तर छत्रीवर चिकटवलेला होता. आता काठ ३० वर आणि मासा १४ वर. पाणी वेगळं केलंच नाही, फक्त आतला रंग आणि माशाच्या पाठीवर ग्लॉस.

एक विचारायचं होतं. भिंत पूर्वेच्या खिडकीच्या शेजारी आहे. सकाळी काठाची सावली माशाच्या डोक्यावर पडते आणि तो खोल गेल्यासारखा दिसतो. दुपारी सावली सरते आणि तो वर आल्यासारखा वाटतो. हे चालेल का, की काठ थोडा खाली आणू?

मातकट

काठाला हात लावू नकोस. दोन्ही वेळचे फोटो टाक.